तीळ, तेल आणि घाणा : एका तेलबीजाचा दख्खनी इतिहास

मराठीत आज शेंगदाणा, करडई, सरकी, नारळ किंवा सूर्यफूल यांपैकी कशापासूनही निघालेल्या स्निग्ध द्रवाला ‘तेल’ म्हटले जाते, परंतु हा शब्द मुळात एकाच बीजाचा आहे. संस्कृतातील ‘तिल’ या नामाला तद्धित प्रत्यय लागून ‘तैल’, म्हणजे तिळापासून झालेले, असा शब्द तयार झाला, प्राकृतात त्याचे ‘तेल्ल’ झाले आणि तेथून तो मराठीत आला. तमिळमध्येही असेच घडले. तेथे तिळाला ‘एळ्’ व तुपाला ‘नेय्’ म्हणतात आणि या दोहोंच्या संधीतून झालेला ‘एण्णेय्’ हा शब्द आता सर्व प्रकारच्या तेलांना लागतो. दोन वेगळ्या भाषाकुलांनी तेलाचे नाव तिळावरूनच घ्यावे, यावरून एवढे निश्चित दिसते की भारतीय उपखंडाला बियांतील स्निग्धतेची ओळख प्रथम प्रामुख्याने तिळाने करून दिली आणि नंतर आलेली तेले त्याच नावाखाली वावरू लागली. या बीजाची शेती, त्याचे गाळप करणारा समाज, त्याच्याभोवती उभे राहिलेले आचार आणि गेल्या शतकात त्याला लागलेली ओहोटी यांचा एकत्रित विचार केल्याशिवाय महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थव्यवहाराचे चित्र पूर्ण होत नाही.

तिळाचे शास्त्रीय नाव ‘सेसमम इंडिकम’ असे असून तो ‘पेडॅलिएसी’ या लहानशा वनस्पतिकुळात मोडतो. या प्रजातीच्या बहुतेक रानटी जाती आफ्रिकेत आढळत असल्यामुळे तिळाचे मूळस्थान आफ्रिकाच असावे, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. मात्र लागवडीतील तिळाशी गुणसूत्रांच्या संख्येने जुळणारा, त्याच्याशी सहज संकर होऊन सुफल बीज देणारा आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पडीक जमिनीत आपोआप उगवणारा रानतीळ हाच त्याचा पूर्वज आहे, हे डोरोथिया बेडिजियन व इतर वनस्पतिशास्त्रज्ञांच्या अभ्यासातून पुढे आले आणि तिळाला माणसाने भारतीय उपखंडातच माणसाळवले हे मत आता सामान्यतः स्वीकारले जाते. हडप्पा येथील उत्खननात माधोस्वरूप वत्स यांना जळून गोळा झालेले तीळ मिळाले होते, त्यामुळे सिंधू संस्कृतीच्या काळी, म्हणजे सुमारे ४,००० वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी, हे पीक घेतले जात होते हे स्पष्ट होते. तेथून ते पश्चिमेकडे गेले आणि इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने बाबिलोनियाचे वर्णन करताना तेथील लोक तिळाखेरीज दुसरे तेल वापरत नाहीत, अशी नोंद केली.

वैदिक वाङ्मयात तिळाचे दोन भेद दिसतात. अथर्ववेदात लागवडीचा तीळ येतो, तर यजुर्वेदाच्या परंपरेत ‘जर्तिल’ नावाचा रानतीळ येतो. शतपथ ब्राह्मणात या जर्तिलाच्या आहुतीचे कारण सांगताना म्हटले आहे की तो तीळ असल्यामुळे गावातल्या अन्नात मोडतो आणि न नांगरलेल्या भूमीत पिकत असल्यामुळे रानातल्या अन्नातही मोडतो. एखादे पीक रानातून शेतात येऊन स्थिरावले असले तरी त्याचे रानातले भावंड लोकांच्या डोळ्यांसमोर अजून उगवत आहे, अशा अवस्थेची ही नोंद आहे आणि वनस्पतिशास्त्राने अलीकडे काढलेल्या निष्कर्षाशी ती चांगली जुळते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिळाला राज्याच्या हिशेबात स्थान मिळालेले दिसते. शेतीवर देखरेख करणाऱ्या सीताध्यक्षाच्या प्रकरणात साळी, व्रीही व कोद्रव यांच्याबरोबर तिळाची गणना ‘पूर्ववाप’, म्हणजे पावसाच्या आरंभी पेरायच्या पिकांत केलेली आहे. कोठाराच्या प्रकरणात तर कोणत्या बीजातून किती तेल निघाले पाहिजे याचे प्रमाणच ठरवून दिलेले असून जवसासाठी ते सहावा भाग, तर तीळ, करडई व मोह यांच्यासाठी चौथा भाग असे आहे. आजच्या पृथक्करणानुसार तिळात साधारणतः ४५ ते ५० टक्के तेल असते, म्हणजे कौटिल्याच्या मोजणीप्रमाणे जवळजवळ निम्मे तेल पेंडीत राहत असे. कोठारातील अधिकाऱ्याने तेल्याकडून घ्यावयाच्या तेलाचा हा किमान दर असो किंवा त्या काळच्या साधनांची मर्यादा असो, गाळपाच्या उत्पन्नावर राज्याची बारीक नजर होती हे त्यातून दिसते.

तिळाच्या रोपाचा स्वभाव दख्खनच्या पठाराला मानवणारा आहे. मध्यम, पाण्याचा चांगला निचरा होणारी जमीन त्याला पुरते, उगवून आल्यावर थोडा ताण तो सहज सोसतो, परंतु मुळाशी पाणी साचले तर दोन-तीन दिवसांतच रोपे पिवळी पडून मान टाकतात. त्यामुळे खानदेश, मराठवाडा व विदर्भ येथील शेतकरी भारी काळ्या रानाच्या सखल भागात तीळ न पेरता उताराच्या किंवा हलक्या रानात पेरत आणि पुष्कळदा कापूस, तूर, बाजरी किंवा मूग यांच्याबरोबर आंतरपीक म्हणून त्याच्या ओळी टाकत. खरिपाचा तीळ पाऊस स्थिरावल्यावर जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पेरला जातो आणि जातीप्रमाणे ८५ ते ९५ दिवसांत काढणीस येतो. एक हजार दाण्यांचे वजन जेमतेम तीन ग्रॅम भरत असल्याने हेक्टरी अडीच ते तीन किलो बियाणे पुरते, परंतु एवढे बारीक बी पाभरीतून सारखे पडत नाही म्हणून त्यात वाळू, राख किंवा चाळलेले शेणखत मिसळण्याची रीत आहे. दाणा खोल गेला तर कोंब मातीबाहेर येत नाही आणि दाट पडला तर रोपे एकमेकांना वाढू देत नाहीत, म्हणून उगवणीनंतर पंधरा-वीस दिवसांत विरळणी करावी लागते. पाने गुंडाळणारी व बोंडे पोखरणारी अळी ही या पिकाची नेहमीची शत्रू होय. तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या पर्णगुच्छ रोगात फुलांच्या जागी हिरव्या पानांचे झुबके येतात आणि त्या झाडाला बोंडे धरत नाहीत.

या पिकाची खरी परीक्षा काढणीच्या वेळी होते. तिळाची बोंडे खालून वर क्रमाक्रमाने पक्व होतात आणि पक्व झालेले बोंड टोकाशी उकलून दाणे जमिनीवर सांडते. अरबी कथांतील ज्या मंत्राने गुहेचे दार उघडते, त्या मंत्रात तिळाचे नाव असण्याचा संबंध काही अभ्यासक या उकलणाऱ्या बोंडाशी जोडतात आणि मराठी मुलांना तो मंत्र ‘तिळा तिळा दार उघड’ या रूपात परिचित आहे. शेतकऱ्यासाठी मात्र हे उघडणारे दार म्हणजे हातचे पीक जाण्याची वाट असते. म्हणून खालची बोंडे पिवळी पडताच आणि वरची अजून हिरवट असतानाच झाडे कापली जातात, त्यांच्या पेंढ्या बांधून खळ्यात शेंडे वर करून एकमेकींना टेकवून उभ्या केल्या जातात आणि उन्हात बोंडे उकलली की प्रत्येक पेंढी हलकेच उलटी करून कापडावर झटकली जाते. काही दिवसांच्या अंतराने हीच क्रिया पुन्हा करावी लागते. कापणी, बांधणी व झटकणी यांपैकी प्रत्येक कामात वेळ साधावी लागते आणि प्रत्येक काम हातानेच होते. तिळाच्या इतिहासातील पुढची वळणे समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

एवढ्या कष्टाने मिळणाऱ्या या दाण्याला पोषणाच्या दृष्टीने मोठे मोल आहे. टरफलासह वाळवलेल्या १०० ग्रॅम तिळात सुमारे ५० ग्रॅम स्निग्धांश, १८ ग्रॅम प्रथिने व १२ ग्रॅम तंतू असतात आणि त्यापासून ५७० किलोकॅलरींच्या आसपास ऊर्जा मिळते. त्याच मापात कॅल्शियम सुमारे ९७५ मिलिग्रॅम, लोह १४ ते १५ मिलिग्रॅम, मॅग्नेशियम ३५० मिलिग्रॅम आणि जस्त साडेसात मिलिग्रॅमहून अधिक असते. यातील बहुतेक कॅल्शियम टरफलात असते. टरफल काढलेल्या पांढऱ्या शुभ्र तिळात ते १०० ग्रॅमला ६० मिलिग्रॅमच्या आसपास उतरते, त्यामुळे बाजारात देखणा दिसणारा सडीक तीळ या बाबतीत घरच्या साध्या तिळापेक्षा पुष्कळ उणा ठरतो. टरफलातच ऑक्झलेट व फायटेट ही खनिजांना बांधून ठेवणारी द्रव्येही असल्याने तेथील सर्व कॅल्शियम शरीराला मिळत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. प्रथिनांचा विचार केला तर तिळात मिथिओनिन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल भरपूर, तर लायसिन कमी असते. डाळींमध्ये नेमके उलट असते. त्यामुळे ज्या जेवणात वरण किंवा पिठले असते आणि तोंडी लावायला तिळाची चटणी असते, त्यात एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते. खानदेश व विदर्भात बाजरी-ज्वारीच्या भाकरीबरोबर तिळाचे कूट, लसूण व तिखट यांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली गेली, ती रसायनशास्त्राच्या आधाराशिवायच या तत्त्वाला धरून होती.

तिळाच्या तेलात ओलिक व लिनोलिक या दोन असंतृप्त मेदाम्लांचे प्रमाण प्रत्येकी सुमारे ४० टक्के असते. इतके असंतृप्त मेद असलेले तेल हवेतील प्राणवायूमुळे लवकर खवट व्हावे अशी अपेक्षा असते, परंतु तिळाचे तेल दीर्घकाळ टिकते. याचे कारण त्यातील सेसमिन व सेसमोलिन या ‘लिग्नान’ वर्गातील संयुगांत आणि सेसमोलिनपासून निर्माण होणाऱ्या सेसमोल या द्रव्यात आहे. ही द्रव्ये मेदाचे ऑक्सिडीकरण रोखून धरतात. याच सेसमिनमुळे शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रम या वनस्पतिजन्य कीटकनाशकाचा प्रभाव वाढतो, हे १९४० च्या सुमारास लक्षात आले आणि तिळाच्या तेलाला एक अनपेक्षित उपयोग मिळाला. प्राचीन काळी या कारणांची माहिती नव्हती, पण परिणाम अनुभवाला येत होता. चरकाने वनस्पतिजन्य तेलांत तिळाच्या तेलाला अग्रस्थान दिले, सुश्रुताने तिळाच्या प्रकारांत काळ्या तिळाला श्रेष्ठ व पांढऱ्याला मध्यम ठरवले आणि औषधी द्रव्ये मुरवण्यासाठी आयुर्वेदातील बहुतेक सिद्ध तेलांचा आधार तिळाचे तेल हाच राहिला. महिनोन्‌महिने न बिघडणारे द्रव्यच औषधाचे वाहन होऊ शकते.

टिकाऊपणाच्या याच गुणामुळे तिळाचे तेल समुद्रापारच्या व्यापारातही उतरले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनवजा ग्रंथात बारिगाझा, म्हणजे भडोच, आणि त्याच्या आसपासच्या आरियाके प्रदेशातून आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या मालाची यादी आहे. तिच्यात गहू, तांदूळ, तूप, सुती कापड आणि उसापासून केलेल्या ‘मधा’बरोबर तिळाच्या तेलाचाही समावेश आहे. भडोचला येणाऱ्या मालाचा काही भाग पैठण व तेर या दख्खनच्या बाजारपेठांतून गाड्यांवर येत असे, हेही त्याच ग्रंथातून कळते.

या काळातील तेल गाळणाऱ्यांचा महाराष्ट्रातील सर्वांत बोलका पुरावा नाशिकजवळच्या लेण्यांत आहे. आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षातील, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील एका शिलालेखात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने दिलेल्या देणगीची नोंद आहे. लेण्यात राहणाऱ्या आजारी भिक्षूंना औषधपाणी मिळावे यासाठी तिने काही रक्कम कायमची गुंतवली आणि ती गोवर्धन या नगरातील निरनिराळ्या श्रेणींकडे सोपवली. श्रेणी म्हणजे एकाच व्यवसायातील कारागिरांचे संघ. या श्रेणींत पाण्याची यंत्रे करणाऱ्या ओदयंत्रिकांबरोबर ‘तिलपिषक’, म्हणजे तीळ पिळणारे, यांचाही उल्लेख आहे. मुद्दल सुरक्षित ठेवून त्याचे व्याज नियमितपणे देण्याची जबाबदारी ज्यांच्यावर टाकता येते, असा विश्वासाचा समूह म्हणून तेली त्या काळी ओळखले जात होते, हा या लेखाचा महत्त्वाचा अर्थ आहे. व्यवसायाचे नावही येथे केवळ तिळावरून पडलेले आहे.

हीच परंपरा पुढे उत्तरेतही दिसते. स्कंदगुप्ताच्या काळातील इ. स. ४६५ च्या ताम्रपटात इंद्रपूर येथील तैलिक श्रेणीने सूर्यमंदिरातील दिव्यासाठी नियमित तेल पुरवण्याचे बंधन स्वीकारलेले आहे. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरातील इ. स. ८७६ चा शिलालेख शून्याच्या जुन्या लेखनासाठी जगप्रसिद्ध आहे, परंतु त्याच लेखात तेल्यांच्या प्रमुखांनी आपल्या घाण्यांवर ठरावीक तेलाची आकारणी मंदिरासाठी मान्य केल्याचीही नोंद आहे. देवळातील नंदादीप वर्षानुवर्षे तेवत राहावा यासाठी दात्याला जमीन, पैसा व पुरोहित यांच्याइतकीच गरज अशा कारागिरांची होती, ज्यांचा घाणा उद्याही चालणार आहे याची खात्री असे.

ज्या साधनावर ही खात्री उभी होती, तो घाणा म्हणजे जमिनीत घट्ट रोवलेली लाकडाची किंवा दगडाची मोठी उखळ आणि तिच्यात तिरपी बसवलेली जाड लाट अशी रचना होय. लाटेचे वरचे टोक आडव्या फळीला जोडलेले असे, फळीवर वजनासाठी दगड ठेवले जात किंवा तेली स्वतः बसे आणि डोळ्यांवर झापडे बांधलेला बैल ती फळी घेऊन उखळीभोवती फिरे. बैलाच्या प्रत्येक फेरीबरोबर लाट उखळीच्या भिंतीवर दाबून फिरत असल्याने बिया चिरडल्या जात. तीळ गाळताना मध्येच थोडे पाणी शिंपडावे लागे, कारण त्यामुळे पेंड एकत्र येऊन तेल सुटे होते, आणि हे पाणी केव्हा व किती घालायचे यातच तेल्याचे कसब असे. काही ठिकाणी तेल उखळीच्या तळाच्या छिद्रातून बाहेर पडे, तर काही ठिकाणी काठीला बांधलेल्या फडक्याने ते टिपून भांड्यात पिळावे लागे. उरलेली पेंड दुभत्या जनावरांच्या खाद्यात जाई आणि तिच्यात बरेच तेल शिल्लक राहत असल्याने ती पौष्टिक असे. एका वेळी उखळीत घातलेल्या बियांच्या मापाचा अर्थ पुढे स्वयंपाकघरात शिरला. म्हणूनच कढईत एका वेळी तळून काढलेल्या भज्यांना किंवा करंज्यांना मराठी घरांत आजही ‘एक घाणा’ म्हटले जाते आणि सुटका नसलेल्या कष्टाला ‘घाण्याचा बैल’ हीच उपमा दिली जाते.

घाण्याकडे पाहण्याची समाजाची दृष्टी मात्र दुहेरी होती. मनुस्मृतीत एक घाणा दहा कत्तलखान्यांच्या बरोबरीचा मानला आहे आणि जैन श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा व्यवसायांत ‘यंत्रपीडन’, म्हणजे यंत्राने बिया पिळणे, येते. बीज म्हणजे उगवण्याची शक्ती असलेला जीव आणि त्याबरोबर त्यातील किडेही चिरडले जातात, ही हिंसेची जाणीव या निषेधामागे आहे. त्याच धर्मशास्त्रांनी देवापुढील दिवा, श्राद्धातील तर्पण आणि सणाचे अभ्यंग यांसाठी तीळ व तेल आवश्यक ठरवले, म्हणजे वस्तू पवित्र आणि ती तयार करणारा हात हलका, अशी विसंगती निर्माण झाली. मध्ययुगीन महाराष्ट्रात तेली गावगाड्यात सामील झाला, अनेक ठिकाणच्या याद्यांत त्याची गणना अलुतेदारांत होऊ लागली आणि ‘तिळवण’ यांसारखी पोटशाखांची नावे गाळायच्या बियांवरून व ‘एकबैली’, ‘दोनबैली’ यांसारखी नावे घाण्याला जुंपायच्या बैलांच्या संख्येवरून रूढ झाली. या उतरंडीला वारकरी परंपरेने दिलेले उत्तर चाकणच्या संताजी जगनाडे यांच्या रूपाने उभे राहिले. ते जातीने तेली होते, तुकारामांच्या चौदा टाळकऱ्यांत त्यांची गणना होते आणि तुकारामांचे अभंग लिहून ठेवण्याचे काम त्यांनी केले. सुदुंबरे येथील त्यांच्या समाधीला आजही लोक जातात. मराठीचा एक अमोल ठेवा घाणा चालवणाऱ्या घरातील हाताने जपला, ही या व्यवसायाच्या इतिहासातील सर्वांत मोठी नोंद म्हणावी लागेल.

कोकणच्या किनाऱ्यावर या व्यवसायाने आणखी एका समाजाला आश्रय दिला. अलिबाग, पेण, रेवदंडा या परिसरातील गावांत शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएल ज्यूंचा मुख्य धंदा तेल गाळण्याचा होता. त्यांची मातृभाषा मराठी झाली, नवगावकर, पेणकर, चेऊलकर अशी गावांवरून पडलेली आडनावे त्यांनी घेतली, परंतु शब्बाथ पाळण्याची, म्हणजे शनिवारी सर्व काम बंद ठेवण्याची, आपली रीत त्यांनी सोडली नाही. त्या दिवशी त्यांचे घाणे थांबत म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले, तर सोमवारी बैलाला विसावा देणारे लिंगायत तेली ‘सोमवार तेली’ म्हणून ओळखले गेले. धर्मग्रंथ व पुरोहित यांच्याशी संपर्क तुटलेल्या काळातही एका समाजाची ओळख टिकून राहिली, ती आठवड्यातून एक दिवस थांबणाऱ्या घाण्यामुळे लोकांच्या नजरेत राहिली. अठराव्या शतकापासून या समाजातील लोक मुंबईत येऊन लष्करात व अन्य नोकऱ्यांत शिरले, १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले आणि १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. तेथील मराठी बोलणाऱ्या वृद्धांच्या स्मृतीत हे जुने नाव अजून आहे.

एकोणिसाव्या शतकात तीळ प्रथमच गावच्या घाण्याला वळसा घालून परस्पर परदेशी जाऊ लागला. फ्रान्समधील मार्सेय येथील साबण व तेल कारखान्यांना तेलबियांची मोठी भूक होती, १८६० च्या दशकात लोहमार्ग खानदेश व वऱ्हाडात पोहोचला आणि १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाला. त्यामुळे पूर्वी गावात गाळला जाणारा तीळ पोत्यांत भरून मुंबई बंदरातून जहाजावर चढू लागला. शेतकऱ्याला रोख पैशाचे पीक मिळाले, पण बियांबरोबर गाळपाचे काम आणि जनावरांच्या तोंडची पेंडही बाहेर गेली. कच्चा माल निर्यात होण्याचा जो तोटा कापसाच्या बाबतीत विणकराने सोसला, तोच तिळाच्या बाबतीत तेल्याच्या वाट्याला आला.

यापुढचा आघात भुईमुगाने केला. दक्षिण अमेरिकेतून आलेले हे पीक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून महाराष्ट्रात वेगाने पसरले. त्याचे हेक्टरी उत्पादन तिळाहून पुष्कळ अधिक होते, शेंग जमिनीत सुरक्षित राहत असल्याने दाणे सांडून जाण्याचे भय नव्हते आणि मोठा दाणा यांत्रिक गाळपाला सोपा होता. कडू तेलांपासून वेगळे म्हणून तिळाच्या तेलाला लावले जाणारे ‘गोडे तेल’ हे नाव हळूहळू शेंगदाण्याच्या तेलाने घेतले. त्याच सुमारास शहरांतील गिरण्यांशी बैलाच्या घाण्याची अशक्य स्पर्धा सुरू झाली. डिसेंबर १९३४ मध्ये महात्मा गांधींच्या पुढाकाराने वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली मगनवाडीत घाण्याच्या रचनेवर प्रयोग झाले आणि झवेरभाई पटेल यांच्या परिश्रमातून अधिक तेल देणारी व बैलाचा भार कमी करणारी ‘वर्धा घाणी’ पुढे आली. गावचे गाळप गावात राहिले तर ताजे तेल, पेंड आणि रोजगार या तिन्ही गोष्टी गावात राहतात, हे या प्रयोगामागचे अर्थशास्त्र आजही खोटे ठरलेले नाही.

याच काळात तिळाच्या तेलावर एक वेगळीच कामगिरी आली. वनस्पती तूप बाजारात आल्यावर ते शुद्ध तुपात मिसळून विकले जाऊ लागले आणि ही भेसळ ओळखणे कठीण झाले. तिळाच्या तेलाला तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल व फरफ्युरल यांच्याशी हलवले असता गुलाबी रंग येतो. या परीक्षेला ‘बोडुआं चाचणी’ म्हणतात आणि रंग येण्याचे कारण पुन्हा सेसमोल हेच आहे. म्हणून वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती भारतात अनेक दशके होती. तूप म्हणून विकलेल्या नमुन्यात गुलाबी रंग उमटला की भेसळ उघड होत असे. तेलाला आपले नाव देणारे बीज अशा रीतीने दुसऱ्या स्निग्ध पदार्थाचा खरेपणा तपासणारे साक्षीदारही झाले.

स्वातंत्र्योत्तर काळात जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रातून ‘जेएलटी-७’ अथवा ‘तापी’ आणि ‘जेएलटी-२६’ अथवा ‘पद्मा’ हे वाण, तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून ‘एकेटी-६४’ व ‘एकेटी-१०१’ हे वाण शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. तरीही महाराष्ट्रातील तिळाखालचे क्षेत्र घटत गेले. १९८० च्या दशकापासून विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीन आले आणि पेरणीपासून मळणीपर्यंत यंत्राने होणाऱ्या या पिकाने खरिपातील ज्या हातकष्टाच्या पिकांना मागे सारले, त्यांत तीळही होता. अडचणीचे मूळ पुन्हा त्या उकलणाऱ्या बोंडापाशीच येते. १९४३ मध्ये व्हेनेझुएलात डेराल्ड लँगहॅम यांना पक्व झाल्यावरही न उकलणाऱ्या बोंडांचे झाड सापडले आणि यंत्राने काढता येईल अशा तिळाच्या शोधाला आरंभ झाला. परंतु बोंड घट्ट मिटलेले राहिले तर ते फोडताना नाजूक दाणा चिरडतो आणि सैल राहिले तर दाणा सांडतो, या दोन टोकांमधला मार्ग काढण्यास पैदासकारांना कित्येक दशके लागली. जगातील तिळाचे बहुतेक पीक अजूनही हातानेच काढले जाते.

शेतातील स्थान असे आक्रसत असताना आचारांत आणि भाषेत तीळ पूर्वीच्याच जागी राहिला. श्राद्धात काळे तीळ व पाणी यांनी तर्पण होते आणि कायमचा संबंध सोडण्याला मराठीत ‘तिलांजली देणे’ म्हणतात. पौष कृष्ण एकादशीला षट्‌तिला म्हणतात, कारण त्या दिवशी स्नान, उटणे, होम, तर्पण, भोजन व दान अशा सहा प्रकारे तीळ वापरण्याचा विधी सांगितला आहे. मकरसंक्रांतीला तोच तीळ मंगलाचे रूप घेतो. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी व हिवाळी भाज्यांची मिसळ, संक्रांतीला गूळपोळी, नव्या सुनेसाठी व बाळासाठी तिळावर पाकाचे काटे चढवून केलेल्या हलव्याचे दागिने आणि रथसप्तमीपर्यंत चालणारे हळदीकुंकू ही सारी परंपरा एका शेतीवास्तवावर उभी आहे. खरिपाचा तीळ दिवाळीच्या आगेमागे घरात येतो, गुऱ्हाळांतून नवा गूळ मार्गशीर्ष-पौषात निघू लागतो आणि थंडीने कोरड्या पडलेल्या शरीराला स्निग्धतेची गरज नेमकी तेव्हाच असते. दोन नव्या पिकांची ही गाठ म्हणजे तिळगूळ होय.

मराठी म्हणींनी या दाण्याचा लहानपणा नेमका टिपला आहे. गुपित राखता न येणाऱ्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, माया असलेल्याचा जीव तीळतीळ तुटतो, संतापलेल्याच्या अंगाचा तिळपापड होतो आणि एक तीळ सात जणांनी वाटून खाण्याची शिकवण घराघरांत दिली जाते. तीन ग्रॅममध्ये हजार भरणारा दाणा सातांत वाटण्याची ही कल्पना अतिशयोक्तीची असली, तरी ज्या समाजाने तो वेचला त्याच्या अनुभवातून ती आलेली आहे. बोंड उकलण्यापूर्वी कापणारे, पेंढी उलटी धरून झटकणारे, घाण्यावर पाण्याचा अंदाज घेणारे आणि श्रेणीच्या नावाने मुद्दल सांभाळणारे असे अनेक हात लागल्याशिवाय तिळाचे तेल कधीच निघाले नाही. आज संक्रांतीला महाराष्ट्रात वाटल्या जाणाऱ्या तिळाचा मोठा भाग गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश यांसारख्या इतर राज्यांतून येतो. नाशिकच्या लेण्यात ज्यांची नोंद दगडावर कोरली गेली, त्या तीळ पिळणाऱ्यांच्या भूमीत हे पीक हलक्या रानाच्या चार ओळींपुरते तरी राहावे, जमिनीला फेरपालट मिळावा आणि गावच्या घाण्यावर पुन्हा गावचाच तीळ यावा, यासाठी लागणारे वाण व जाणकारी येथे अजून उपलब्ध आहेत. ती वापरात राहिली तरच ‘तेल’ या शब्दाच्या पोटातील तीळ हा केवळ व्युत्पत्तीचा विषय होऊन उरणार नाही.